जॉन स्कोप्स : एका खटल्याचे आणि बेचाळीस वर्षे टिकलेल्या कायद्याचे साक्षीदार

शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत जगभर गाजलेल्या खटल्याला सामोरे गेलेले शिक्षक म्हणून जॉन थॉमस स्कोप्स यांचे नाव विज्ञान शिक्षणाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. हा खटला १९२५ मध्ये चालला. ज्या कायद्याखाली तो चालला, तो रद्द होण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले.

स्कोप्स यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी केंटकी राज्यातील पदुका येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण इलिनॉय राज्यातील सेलम या गावी पूर्ण झाले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तीन वेळा लढवलेले नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे हे जन्मगाव. १९१९ मध्ये स्कोप्स यांच्या वर्गाच्या निरोप समारंभात ब्रायन यांचेच भाषण झाले होते. सहा वर्षांनी हे दोघे न्यायालयात परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. केंटकी विद्यापीठाची पदवी १९२४ मध्ये घेतल्यानंतर स्कोप्स टेनेसी राज्यातील डेटन या लहानशा गावी माध्यमिक शाळेत रुजू झाले. फुटबॉलचे प्रशिक्षण आणि गणित, भौतिकशास्त्र यांसारखे विषय त्यांच्याकडे होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या अनुपस्थितीत त्यांनी काही दिवस तो वर्गही सांभाळला होता.

टेनेसीच्या विधिमंडळाने मार्च १९२५ मध्ये बटलर कायदा संमत केला. शेतकरी असलेले प्रतिनिधी जॉन वॉशिंग्टन बटलर यांनी त्याचे विधेयक मांडले होते. मानवाच्या ईश्वरनिर्मितीची बायबलमधील कथा नाकारणारा आणि मानव खालच्या श्रेणीतील प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारा सिद्धांत सरकारी शाळांत शिकवण्यास या कायद्याने बंदी घातली. उल्लंघन करणाऱ्यास १०० ते ५०० डॉलर दंडाची तरतूद होती. विशेष म्हणजे, राज्याने मान्यता दिलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातच उत्क्रांतीचे विवेचन होते.

या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संस्था एका शिक्षकाच्या शोधात होती. असा खटला झाल्यास डेटनचे नाव देशभर होईल, असा विचार गावातील काही प्रतिष्ठितांनी केला. मे महिन्यात एका औषधाच्या दुकानात झालेल्या बैठकीत त्यांनी चोवीस वर्षांच्या स्कोप्स यांना आरोपी होण्यास राजी केले. आपण उत्क्रांतीचा धडा प्रत्यक्षात शिकवला होता की नाही, याची स्कोप्स यांना स्वतःला खात्री नव्हती. तरीही अशी बंदी अयोग्य आहे, असे त्यांचे मत होते.

खटल्याचे कामकाज १० जुलै रोजी सुरू झाले. सरकारपक्षातर्फे ब्रायन, तर बचावपक्षातर्फे नामवंत वकील क्लॅरन्स डॅरो उभे राहिले. कामकाजाचे रेडिओवरून थेट प्रक्षेपण झाले. वैज्ञानिकांची साक्ष ज्यूरीसमोर नोंदवू देण्यास न्यायाधीशांनी नकार दिला. तेव्हा डॅरो यांनी थेट ब्रायन यांनाच साक्षीला बोलावले. न्यायालयाच्या पटांगणावर झालेली ही उलटतपासणी विशेष गाजली. स्कोप्स यांची साक्ष मात्र झालीच नाही. वरिष्ठ न्यायालयात दाद मागता यावी, यासाठी डॅरो यांनीच ज्यूरीला दोषी ठरवण्याची विनंती केली आणि २१ जुलै रोजी १०० डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. त्यानंतर पाच दिवसांनी ब्रायन यांचे डेटन येथेच निधन झाले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ही शिक्षा रद्द केली. मात्र, त्यामागील कारण तांत्रिक होते. ५० डॉलरहून अधिक दंड ठरवण्याचा अधिकार ज्यूरीचा असताना तो न्यायाधीशांनी ठरवला होता. कायदा घटनेला धरून असल्याचाच निर्वाळा न्यायालयाने दिला. शिक्षाच रद्द झाल्याने संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला आणि कायदा कायम राहिला.

कायद्याचे पालन करण्याच्या अटीवर शाळेने देऊ केलेली नोकरी स्कोप्स यांनी नाकारली. वैज्ञानिकांनी उभारलेल्या निधीतून त्यांनी शिकागो विद्यापीठात भूशास्त्राचा अभ्यास केला. पुढे व्हेनेझुएलात तेल कंपनीत आणि त्यानंतर अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या व्यवसायात त्यांनी भूशास्त्रज्ञ म्हणून काम केले. शाळेच्या वर्गात ते पुन्हा परतले नाहीत. प्रसिद्धीपासूनही ते बहुतांश दूर राहिले.

या काळात बटलर कायद्याखाली दुसरा गाजलेला खटला झाला नाही, तरी त्याचा धाक कायम होता. अनेक प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतील उत्क्रांतीचा उल्लेख कमी केला किंवा वगळला. कायदा रद्द करण्याचा १९३५ मधील प्रयत्न अपयशी ठरला. १९६७ मध्ये हा प्रश्न पुन्हा विधिमंडळापुढे आला. जो कायदा अमलातच येत नाही तो ठेवावा कशासाठी, असा एका बाजूचा प्रश्न होता, तर तो रद्द करणे म्हणजे श्रद्धेचा अवमान, असे दुसऱ्या बाजूला वाटत होते. प्रतिनिधिगृहाने रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, परंतु सिनेटमध्ये समसमान मते पडली. त्याच सुमारास उत्क्रांतीविषयी शिकवल्याच्या कारणावरून एका तरुण शिक्षकाला नोकरीवरून काढण्यात आले होते. कागदावरचा कायदाही एखाद्याची उपजीविका हिरावू शकतो, हे त्यातून दिसले. या शिक्षकाने संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली आणि मे महिन्यात सिनेटने अखेर कायदा रद्द करण्यास संमती दिली.

त्याच वर्षी स्कोप्स यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. अर्कान्सस राज्यातील अशीच बंदी घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दिला. डेटनच्या खटल्यातून जो निकाल मिळवायचा होता, तो असा त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या राज्यातील प्रकरणात मिळाला. तो पाहण्यास स्कोप्स हयात होते. २१ ऑक्टोबर १९७० रोजी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. पदुका या जन्मगावी त्यांचे दफन करण्यात आले.