आश्विन वद्य पंचमी

कोजागिरीचे चांदणे अद्याप ओसरलेले नसते आणि घरोघरी दिवाळीची झाडलोट सुरू झालेली असते. या दोहोंच्या मध्ये आश्विन वद्य पंचमी येते. त्या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजात जमलेला अफाट जनसमुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच क्षणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेविला. वय अवघे एकोणसाठ. व्याधी होती कर्करोगाची.

या व्याधीचे नाव आमच्या नांदेड-लातूरकडे अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. घरातील वडील मंडळी रुग्णापुढे ते उच्चारीत नाहीत. सोयरिकी अडतील म्हणून शेजाऱ्यांपासून ते लपविले जाते. कोणी पाण्याचा पेला वेगळा ठेवतो. वास्तविक हा रोग स्पर्शाने जडत नाही. आणि भेटीस येणाऱ्यांपैकी एखादा तरी मागल्या जन्मीच्या पापाचा विषय काढतोच. अंथरुणावरचा जीव ते ऐकतो, भिंतीकडे तोंड फिरवितो. गाठीची वेदना औषधाने काही काळ निवते. या बोलण्याने झालेली जखम रात्रभर ठणकत राहते.

अशा घरांनी महाराजांचे चरित्र एकदा आठवून पाहावे. १९०९ साली यावली येथे एका गरीब घरात माणिकचा जन्म झाला. शाळेत मन रमले नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला जवळ केले, तुकड्या हे नाव दिले. पुढे अरण्यवास झाला, साधना झाली. परंतु हा साधक अरण्यात राहिला नाही. हाती खंजिरी घेऊन तो गावात परतला. १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढल्याच वर्षी सेवाग्रामी गांधीजींचा सहवास लाभला. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील कारागृहांत ठेवण्यात आले. १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले. हे सारे बहुश्रुत आहे. मला विशेष वाटते ते सामुदायिक प्रार्थनेचे. जातपात न पाहता सारा गाव एका रांगेत बसवावा, ही त्यांची तळमळ. एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीताही मोक्षाच्या गोष्टींबरोबर गावाची सफाई, आरोग्य, व्यसनमुक्ती यांचीच चिंता वाहते.

आजन्म ब्रह्मचारी, निर्व्यसनी, लोकांसाठी झिजलेला असा हा देह. त्यालाही कर्करोगाने गाठले. उपचारांची शर्थ झाली, गुण आला नाही. आता येथे कोणाचे पाप मोजावयाचे? तंबाखूने तोंडाचा कर्करोग जडतो हे सत्य आहे, आणि मराठवाड्यात ते वारंवार सांगावयासच हवे. परंतु रोगाचे कारण सांगणे वेगळे आणि रोग्याला आरोपी ठरविणे वेगळे.

महाराजांच्या निर्वाणाच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, सिसिली सॉन्डर्स या विदुषी डॉक्टरने लंडन येथे मरणासन्न रुग्णांसाठी एक रुग्णालय उघडले. अशा रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यागोत्याची आणि श्रद्धेचीही असते, अशी त्यांची मांडणी होती. शरीराच्या वेदनेला वेळच्या वेळी, ती उफाळण्यापूर्वीच औषध द्यावे, असा त्यांचा आग्रह. उरलेल्या वेदनांना मात्र जवळ बसणारे माणूस लागते. सारा गाव एका रांगेत बसविणाऱ्या संताच्या भक्तांना हे निराळे सांगावयास नको. तरी नेमका रुग्णच त्या रांगेतून उठविला जातो, हे दुर्दैव.

आज लातुरात उपचार होतात. कोणी बार्शी गाठतो, कोणी रात्रीच्या गाडीने मुंबई. किनवट-माहूरकडील काही जण पैनगंगा ओलांडून नागपूरची वाट धरतात. तेथील कर्करोग रुग्णालयास तुकडोजी महाराजांचेच नाव दिलेले आहे. त्यामुळे व्याधीचे नाव घेण्यास धजत नसलेला मनुष्यही स्थानकावर उतरून रिक्षावाल्यास पत्ता विचारताना आधी महाराजांचे नाव घेतो.