एमा स्मिथ : एका नकाराचा इतिहास

मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी गुप्तपणे अनेक विवाह केले होते काय, या प्रश्नावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद चालला. त्या वादात सर्वाधिक वजन होते ते त्यांच्या प्रथम पत्नी एमा यांच्या शब्दाला.

पेनसिल्व्हेनियातील हार्मनी येथे १० जुलै १८०४ रोजी जन्मलेल्या एमा हेल यांनी वडिलांचा विरोध पत्करून १८२७ मध्ये जोसेफ यांच्याशी विवाह केला. जोसेफ सांगत गेलेल्या मॉर्मन ग्रंथाचा काही भाग त्यांनी लिहून घेतला आणि पंथाचे पहिले स्तोत्रपुस्तक संकलित केले. मार्च १८४२ मध्ये इलिनॉयमधील नॉवू येथे स्थापन झालेल्या महिला साहाय्य संस्थेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

याच नॉवूत बहुपत्नीत्व गुप्तपणे रुजत होते. १२ जुलै १८४३ रोजी जोसेफ यांनी त्यास संमती देणारा ईश्वरी साक्षात्कार सांगितला आणि लेखनिक विल्यम क्लेटन यांनी तो उतरवून घेतला. जोसेफ यांचे बंधू हायरम तो घेऊन एमा यांच्याकडे गेले. परंतु त्यांनी तो मानला नाही, अशी नोंद क्लेटन यांच्या दैनंदिनीत आढळते. ७ जून १८४४ रोजी पंथातील असंतुष्टांनी ‘नॉवू एक्सपॉझिटर’ या पत्रातून ही प्रथा चव्हाट्यावर आणली. नगर परिषदेच्या आदेशाने त्याचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला आणि त्यातून उद्भवलेल्या संघर्षात २७ जून रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने दोघा बंधूंची हत्या केली. एमा त्या वेळी गर्भवती होत्या.

ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनेक अनुयायी युटाकडे गेले. एमा त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. युटातील नेतृत्वाने १८५२ मध्ये बहुपत्नीत्व जाहीरपणे स्वीकारले. उलटपक्षी, १८६० मध्ये एमा यांचे पुत्र जोसेफ तृतीय ज्या शाखेचे प्रमुख झाले, तिने या प्रथेचा दोष यंग यांच्याकडे दिला. तेव्हा युटा शाखेने १८६९ पासून जोसेफ यांच्याशी विवाह झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली. स्मिथ कुटुंबात राहिलेल्या एमिली पार्ट्रिज यांनी तर आपल्या विवाहास एमा यांची संमती असल्याचे सांगितले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुत्राने विचारले असता एमा यांनी पतीचा असा कोणताही विवाह झाल्याचे नाकारले. ३० एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरच ही मुलाखत प्रसिद्ध झाली. त्यामुळे त्यांची उलटतपासणी करण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.

प्रतिज्ञापत्रे घटनेनंतर पाव शतकाने आणि एका पक्षाच्या गरजेतून तयार झाली होती. एमा यांची साक्षही दुसऱ्या पक्षाच्या प्रमुखासमोर झाली होती. म्हणून समकालीन कागदपत्रे निर्णायक ठरतात. क्लेटन यांची दैनंदिनी व १८४४ मधील आरोप ही परस्परांविरुद्ध असलेल्या गोटांतील साधने एकाच दिशेने निर्देश करतात. जनुकीय चाचण्यांत अन्य पत्नींपासून जोसेफ यांना अपत्य झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र अपत्य नसणे म्हणजे विवाह नसणे नव्हे. २०१४ मध्ये युटास्थित चर्चनेही हे विवाह स्पष्टपणे मान्य केले.

विवाहांच्या प्रश्नावर एमा यांचा नकार आज पुरावा म्हणून टिकत नाही. मात्र त्या प्रथेला घरातच झालेला विरोध क्लेटन यांच्या दैनंदिनीतील नोंदीने कायम जतन केला आहे.