ख्रिस्ती ऐक्याचे उपासक : पोप तेविसावे जॉन

आज नाताळचा मंगल दिवस. बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मास आलेल्या येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवानिमित्त मुंबईत, वसईत, पुण्यात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कित्येक खेड्यांतून मंदिरांच्या घंटा निनादत आहेत. परंतु लक्षपूर्वक पाहणाऱ्यास दिसून येईल की, ही मंदिरे एका पंथाची नव्हेत. कॅथॉलिकांचे मंदिर वेगळे, प्रॉटेस्टंटांचे वेगळे आणि केरळातून येऊन येथे स्थायिक झालेल्या सिरियन ख्रिस्ती बांधवांचे त्याहून वेगळे. वधस्तंभावर जाण्यापूर्वी, अखेरच्या भोजनाच्या रात्री, आपले अनुयायी एक असावेत अशी प्रार्थना येशूने आपल्या स्वर्गीय पित्याजवळ केली होती. त्याच्याच नावाने उभी राहिलेली ही मंदिरे मात्र शतकानुशतके एकमेकांकडे पाठ फिरवून उभी होती. इतकेच नव्हे, तर दोन पंथांच्या भाविकांनी शेजारी शेजारी गुडघे टेकून उपासना करणे हे वर्ज्य मानले जात होते. ही वेदना ज्यांच्या अंतःकरणात आयुष्यभर सलत राहिली आणि वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी अधिकार हाती येताच ज्यांनी या बंद दाराची कडी काढली, त्या पोप तेविसावे जॉन यांचे चरित्र आजच्या दिवशी आठवावे असे आहे.

ख्रिस्ती धर्मातील ही फाळणी कशी झाली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १०५४ साली रोमचे प्रतिनिधी आणि कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष यांनी एकमेकांस बहिष्कृत केले आणि पश्चिमेचा कॅथॉलिक व पूर्वेचा ऑर्थोडॉक्स असे दोन प्रवाह कायमचे दुरावत गेले. पुढे १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी सुधारणेचा झेंडा उभारला, १५३४ मध्ये इंग्लंडच्या राजाने रोमशी संबंध तोडला आणि एकातून अनेक पंथ निघाले. आपल्याकडेही शैव आणि वैष्णव यांच्यात दुरावा होताच. पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचे मुख न पाहणारे शिवभक्त नरहरी सोनार डोळ्यांवर पट्टी बांधून देवाच्या कमरेचे माप घेण्यास गेले आणि त्यांच्या हाताला शंकराच्या खुणा लागल्या, ही कथा घराघरांत सांगितली जाते. युरोपातील पट्टी मात्र फार घट्ट होती. तिच्यापायी युद्धे झाली, माणसे जाळली गेली. युद्धे थांबल्यावरही नियम राहिलेच. १९१७ च्या धर्मसंहितेने कॅथॉलिकांना अन्य पंथीयांच्या उपासनेत सहभागी होण्यास मनाई केली होती. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी ऐक्यासाठी भरणाऱ्या सभांपासून कॅथॉलिकांनी दूर राहावे असे परिपत्रक काढले. १९४९ मध्ये पहिली लहानशी सवलत मिळाली, ती एवढीच की अशा बैठकींच्या आरंभी आणि शेवटी प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणण्यास हरकत नाही.

उत्तर इटलीत बर्गामो शहराजवळ सोत्तो इल मोंते नावाचे खेडे आहे. तेथे २५ नोव्हेंबर १८८१ रोजी रोंकाली नावाच्या शेतकरी कुटुंबात अँजेलो ज्युसेप्पे यांचा जन्म झाला. जमीन दुसऱ्याची, कसणारे हे, आणि पिकाची वाटणी मालकाशी. घरात माणसांचे मोठे खटले. त्या घराचे धार्मिक वळण राखले ते झावेरियो या अविवाहित वृद्ध चुलत आजोबांनी. दिवेलागणीनंतर ते सर्वांना जपमाळेच्या प्रार्थनेला बसवीत. सायंकाळी देवापुढे दिवा लावून शुभंकरोती म्हणणाऱ्या घरांना हे चित्र परके वाटू नये. याच आजोबांच्या छायेत लहानग्या अँजेलोच्या मनात धर्मगुरू होण्याची इच्छा अंकुरली. चौदाव्या वर्षापासून त्यांनी आत्मपरीक्षणाची रोजनिशी ठेवली, ती जवळजवळ अखेरपर्यंत. १० ऑगस्ट १९०४ रोजी रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. नंतर बर्गामोच्या बिशपांचे चिटणीस, पहिल्या महायुद्धात रुग्णसेवेच्या तुकडीतील सार्जंट आणि मग सैनिकांचे धर्मगुरू, अशी त्यांची वर्षे गेली.

१९२५ साली बिशपपदाची दीक्षा देऊन रोमने त्यांना बल्गेरियात पाठविले, आणि येथूनच त्यांच्या जीवनाला खरे वळण लागले. तो देश ऑर्थोडॉक्स पंथाचा. कॅथॉलिक तेथे मूठभर, तेही डोंगराळ खेड्यांत विखुरलेले. रोंकाली सोफिया येथे पोहोचले त्याच्या अवघे नऊ दिवस आधी, १६ एप्रिल रोजी, तेथील एका ऑर्थोडॉक्स मंदिरात स्फोट घडवून दीडशेच्या आसपास माणसांचा बळी घेण्यात आला होता. नव्या बिशपांनी जखमींची भेट घेतली. ते कोणत्या पंथाचे, हे पाहिले नाही. पुढील वर्षांत घोड्याखेचरांवर बसून त्यांनी दूरदूरची खेडी पालथी घातली आणि लोकांची भाषा शिकण्याचा यत्न केला.

परंतु सद्भावनेने सर्वच गाठी सुटत नाहीत, हेही त्यांना तेथेच कळले. १९३० मध्ये बल्गेरियाचे राजे बोरिस यांचा इटलीच्या राजकन्येशी विवाह ठरला. वधू कॅथॉलिक, वर ऑर्थोडॉक्स. विवाहविधी एकदाच आणि कॅथॉलिक पद्धतीने होईल, मुलांचा बाप्तिस्माही त्याच पद्धतीने होईल, असे वचन रोमला देण्यात आले होते. असिसी येथे विवाह लागला; आणि नवदांपत्य सोफियास परतताच ऑर्थोडॉक्स मंदिरात दुसरा विधी पार पडला. पुढे कन्येचा बाप्तिस्माही ऑर्थोडॉक्स पद्धतीनेच झाला. पोप अकरावे पायस संतप्त झाले आणि मध्यस्थी करणाऱ्या रोंकालींच्या वाट्याला मानहानी आली. एका घरातील पतिपत्नींनाही एका वेदीपुढे उभे राहता येऊ नये, या दुखण्याचे इतके जवळून दर्शन फार थोड्या धर्माधिकाऱ्यांना घडले असेल. कटुता मात्र त्यांनी धरली नाही. बल्गेरिया सोडण्यापूर्वी १९३४ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी निरोपाचे प्रवचन केले. नाताळच्या रात्री खिडकीत दिवा ठेवून मेरी व जोसेफ या वाटसरूंना आश्रय देण्याची आयर्लंडमधील चाल सांगून ते म्हणाले की, जगाच्या पाठीवर आपण कोठेही असलो, तरी एखादा बल्गेरियन आपल्या दारावरून गेला तर त्याला खिडकीत दिवा तेवताना दिसेल. त्याने केवळ दार ठोठवावे, तो कॅथॉलिक आहे की ऑर्थोडॉक्स असे कोणी विचारणार नाही.

त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी तुर्कस्तान व ग्रीस येथे रोमचे प्रतिनिधी म्हणून काढली. अतातुर्क यांच्या राजवटीत धर्मगुरूंना रस्त्यावर धर्मवेष घालण्यास बंदी होती. रोंकालींनी विनातक्रार साधा कोट चढविला. इस्तंबूल येथील आपल्या मंदिरात काही प्रार्थना तुर्की भाषेत म्हणण्याचा प्रघात त्यांनी पाडला, तेव्हा आपल्याच काही मंडळींचा रोष त्यांनी पत्करला. २७ मे १९३९ रोजी ते ऑर्थोडॉक्स पंथाचे प्रमुख पॅट्रिआर्क बेंजामिन यांना भेटण्यास त्यांच्या निवासी गेले. दोघांनी एकमेकांचे आदरपूर्वक स्वागत केले. एकत्र उपासनेला अजून फार अवकाश होता. महायुद्धात ज्यू निर्वासितांचे प्राण वाचविण्यासाठी आणि दुष्काळात तडफडणाऱ्या ग्रीकांना अन्न मिळावे म्हणून त्यांनी केलेली खटपट हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढे फ्रान्समध्ये रोमचे राजदूत आणि १९५३ पासून व्हेनिसचे कार्डिनल अशी पदे त्यांनी भूषविली.

२८ ऑक्टोबर १९५८ रोजी कार्डिनलांनी त्यांची पोप म्हणून निवड केली. निवड करणाऱ्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हेही होते. वृद्ध गृहस्थ आहेत, चार वर्षे शांतपणे गादी सांभाळतील, असा अनेकांचा अंदाज होता. वडिलांचे नाव आणि गावच्या मंदिराचे दैवत या दोहोंची आठवण ठेवून त्यांनी जॉन हे नाव घेतले. पहिल्याच नाताळात ते रोममधील मुलांच्या रुग्णालयात गेले आणि दुसऱ्या दिवशी कारागृहातील बंद्यांना भेटले. पुढच्या गुड फ्रायडेला ज्यू लोकांसाठी म्हणावयाच्या परंपरागत प्रार्थनेतील अवमानकारक शब्द त्यांनी काढून टाकविला.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करण्याची प्रथा १९०८ साली अमेरिकेत सुरू झाली होती. आरंभी तिचा आशय असा की, दुरावलेल्यांनी रोमकडे परत यावे. साहजिकच इतरांनी त्या प्रार्थनेत सामील व्हावे कसे? फ्रान्समधील लिऑन येथील पॉल कूतुरिए या धर्मगुरूंनी १९३५ च्या सुमारास तिचा रोख बदलला. ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य त्याला हव्या त्या मार्गाने घडो, एवढेच मागावे, असे त्यांनी सुचविले. या मागण्यात कोणाची हार नव्हती. पोप जॉन यांनी याच आठवड्याचा अखेरचा दिवस, २५ जानेवारी १९५९, निवडला. रोमच्या तटाबाहेरील संत पॉलच्या मंदिरात उपासना झाल्यावर त्यांनी उपस्थित कार्डिनलांना सांगितले की, आपण समस्त चर्चची विश्वपरिषद बोलावणार आहोत आणि दुरावलेल्या बांधवांनाही ऐक्याच्या शोधाचे आमंत्रण देणार आहोत. सगळे स्तब्ध झाले. हर्षाचा एक शब्दही कोणाच्या मुखातून निघाला नाही.

जून १९६० मध्ये त्यांनी ख्रिस्ती ऐक्यासाठी स्वतंत्र सचिवालय स्थापून ते कार्डिनल बेआ यांच्या स्वाधीन केले. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप फिशर त्यांच्या भेटीस आले. धर्मसुधारणेच्या काळापासून अशी भेट झालीच नव्हती. व्हॅटिकनमधील अधिकारी इतके संकोचले की भेटीचे छायाचित्रही घेऊ दिले नाही. फिशर यांनी नंतर सांगितलेला एक प्रसंग या चरित्राचे मर्म आहे असे मला वाटते. बोलता बोलता पोप यांनी दुरावलेल्या बांधवांनी मातेकडे परत यावे अशा अर्थाचा एक उतारा वाचून दाखविला. फिशर यांनी नम्रपणे हरकत घेतली. परत येण्याचा प्रश्न नाही, आपण दोघे समांतर वाटांनी पुढे चाललो आहोत आणि देवाच्या इच्छेने त्या वाटा पुढे मिळतील, असे त्यांनी सांगितले. पोप क्षणभर थांबले, विचारात पडले आणि पाहुण्यांचे म्हणणे त्यांनी मान्य केले. जगातील कोट्यवधी कॅथॉलिकांचे परमगुरू, वय एकोणऐंशी. आणि परपंथीयाच्या एका वाक्यासरशी आपला शब्द मागे घेतात! ते सिद्धांतांत बंडखोर मुळीच नव्हते. आपल्या चर्चचे एकही मत त्यांनी सोडले नाही. म्हणूनच या नम्रतेचे मोल अधिक.

१९६१ च्या नोव्हेंबरात नवी दिल्ली येथे जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. रोमचे पाच अधिकृत निरीक्षक तेथे उपस्थित राहिले. अशा अधिवेशनाला रोमने निरीक्षक पाठविल्याची ही पहिलीच वेळ, आणि ती भारतभूमीवर घडली. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेस प्रारंभ झाला, तेव्हा अन्य पंथांचे चाळीसच्या आसपास निरीक्षक व पाहुणे व्यासपीठाजवळ मानाच्या जागी बसले होते. मॉस्कोचेही प्रतिनिधी आले. ग्रीक मात्र त्या वर्षी आले नाहीत. दोन दिवसांनी पोप या निरीक्षकांना भेटले ते सिंहासनावरून नव्हे, तर त्यांच्यासारख्याच एका खुर्चीवर बसून.

त्याआधीच जठराच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. मरणशय्येवर आपल्या वेदना त्यांनी परिषदेसाठी व ख्रिस्ती ऐक्यासाठी अर्पण केल्या, समोर टांगलेल्या वधस्तंभाकडे पाहून त्याचे पसरलेले हात सर्वांसाठी आहेत असे सांगितले, आणि येशूची ऐक्याची प्रार्थना ते लॅटिनमध्ये पुटपुटत राहिले. ३ जून १९६३ च्या सायंकाळी, बाहेर चौकात त्यांच्यासाठी चाललेली उपासना समाप्त होत असतानाच, त्यांनी देह ठेवला.

त्यांचे उत्तराधिकारी पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस जानेवारी १९६४ मध्ये जेरुसलेम येथे भेटले व त्यांनी एकत्र प्रार्थना केली. ४ डिसेंबर १९६५ रोजी, जेथे परिषदेची घोषणा झाली त्याच संत पॉलच्या मंदिरात, पोप आणि अन्य पंथांचे निरीक्षक एका उपासनेत सहभागी झाले. तीन दिवसांनी १०५४ चे परस्परबहिष्कार रद्द करण्यात आले. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जॉन यांना संतपद दिले. प्रॉटेस्टंट पंथांचे प्रयत्न त्यांच्या स्वतंत्र वाटेने चालूच होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्चे एक होऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले.

प्रभुभोजनाचे मेज अद्याप एक झालेले नाही. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट आजही आपापल्या वेदीपाशी वेगळे बसतात. परंतु १९६८ पासून जानेवारीतील त्या आठवड्याच्या प्रार्थना रोम आणि जागतिक चर्च परिषद यांच्या वतीने संयुक्तपणे प्रसिद्ध होतात, आणि दरवर्षी निराळ्या देशातील ख्रिस्ती मंडळी त्यांचा मसुदा करतात. २०१३ साली ही पाळी भारताकडे आली होती. येथील ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने, कॅथॉलिक विद्यार्थी संघटना आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय चर्च परिषद यांच्या विचाराने, दलित ख्रिस्ती बांधवांवरील अन्यायाचा विषय त्या प्रार्थनांत गुंफला. आणि त्या वर्षी जगभरच्या नाना पंथांच्या मंदिरांतून त्याच प्रार्थना म्हटल्या गेल्या.