हरिपंडितांच्या दोन अटी

आजचं वाचन एकनाथी भागवत, अध्याय १७.

अध्यायाच्या शेवटाकडे भगवान उद्धवाला एका गृहस्थाबद्दल सांगतात. त्याच्या डोक्यात रात्रंदिवस एकच घोर. आईवडील म्हातारे, बायको, पदरात लहान लेकरं, माझ्यावाचून यांचं कसं होणार? याच विचारात तो मरतो आणि अंधारात जातो.

हे वाचून मी थोडा चिडलोच. बदलापूर लोकलमध्ये उभ्या उभ्या आईच्या इन्सुलिनची वेळ आठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी मग करायचं काय? म्हणून आज टीका बाजूला ठेवून टीकाकारांचं घर बघू या. कारण यावर मराठीत ज्यांनी लिहिलं, त्या नाथांनी म्हातारपण घरातूनच पाहिलं होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

संत भानुदासांच्या कुळात, पैठणला नाथांचा जन्म. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणी आणि आजीने वाढवलं. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा नातू न सांगता देवगिरीला निघून गेला. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी त्याचे गुरू झाले. (हिशेबातली एक पै सापडेना म्हणून रात्र जागवली ती इथेच. प्रॉडक्शनमधला बग शोधणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) इकडे दोन म्हातारे जीव, सांभाळायला दुसरं कोणी नाही. त्यांनी शोध काढला आणि जनार्दनस्वामींकडून नाथांच्या नावाचं पत्र मिळवलं. पत्रात आज्ञा होती : पैठणलाच राहायचं, लग्न करायचं, संसार करायचा. तीर्थयात्रा करून नाथ पैठणला आले, पण घरी गेले नाहीत. आजोबांनी त्यांना गाठून पत्र हातात दिलं. नाथ जागेवरच थांबले. चरित्रकार सांगतात की जिथे पत्र वाचलं, तिथेच पुढे घर उभं राहिलं. मग गिरिजाबाई आल्या, घर भरलं, आजी-आजोबांना नातसून बघायला मिळाली.

मला यात गंमत वाटते ती अशी, की माझ्यावाचून यांचं कसं होणार हे वाक्य नाथांच्या या गोष्टीत कुठेच येत नाही. म्हाताऱ्यांना काय हवं ते म्हाताऱ्यांनीच पत्रातून मागून घेतलं होतं. नाथ फक्त थांबले.

आता दुसरी बाजू. नाथांचे चिरंजीव हरिपंडित मोठे विद्वान. वडील मराठीत पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना सहन होईना. रागावून ते काशीला गेले. त्याच काशीला, जिथे १५७३ साली नाथांचं भागवत पुरं झालं. नाथ स्वतः त्यांना आणायला गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या : प्रवचन मराठीत करायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

इथे थांबून विचार करा. हरिपंडित वाईट मुलगा नव्हता. त्याच्या हिशेबाने वडिलांचं आचरण, घराण्याचं नाव, सगळं तो जपतच होता. फक्त वडील ज्याच्यावर जगत होते, नेमकं तेच त्याने काढून घेतलं. प्रवचन तो स्वतः संस्कृतात करू लागला आणि वाड्यातली गर्दी ओसरली.

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे बिघडले तसा घरात पहिला प्रस्ताव आला तो त्यांचं संध्याकाळी खाली मंदिरात हरिपाठाला जाणं बंद करण्याचा. काळजीपोटीच. तिसरा मजला, पावसाळ्यात ओल्या पायऱ्या, कारणं खरी आहेत. पण त्या हरिपाठाला बाबांचे चार मित्र असतात आणि दिवसभरात ते मोकळं बोलतात ते तेवढंच. सध्या जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही कठडा बसवायचं सोसायटीकडे मागितलंय. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ते बाबा ठरवतील.

तर पैठणला काय झालं? एका गरीब विधवेने हजार ब्राह्मणांना जेवू घालायचा संकल्प केला होता. ऐपत नव्हती. तिने एकट्या नाथांनाच जेवायला बोलावलं. नाथांनी मुलाला विचारलं, स्वयंपाक त्याच्याच हातचा ठेवला आणि मग गेले. म्हणजे दिलेला शब्दही राहिला आणि बाईचं निमंत्रणही. जेवण झाल्यावर हरिपंडित पत्रावळ उचलायला वाकले तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या अशी कथा आहे. चमत्काराचं ज्याने त्याने पाहावं. मला त्यात पत्रावळ उचलायला वाकलेला विद्वान मुलगा दिसतो.

हरिपंडितांनी अटी सोडल्या. वाड्यात पुन्हा मराठी प्रवचन सुरू झालं, लोक परत आले. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

उद्या अध्याय १८, वानप्रस्थ आणि संन्यास. राम कृष्ण हरी.