कपाटापलीकडचा जॅक

थर्ड इयर संपताना प्रोजेक्टचे ग्रुप ठरत होते. मी आणि माझा रूमपार्टनर, आमचं फर्स्ट इयरपासून पक्कं होतं की प्रोजेक्ट एकत्रच करायचा. पण टॉपर्सच्या ग्रुपमध्ये एक जागा रिकामी झाली आणि मी त्याला न विचारता तिकडे नाव देऊन टाकलं. वर त्याने शोधलेला टॉपिकही त्यांना सांगितला. त्याला हे कळलं ते थेट नोटीस बोर्डावर!

त्याच आठवड्यात सी. एस. लुईसचं नार्नियाचं पहिलं पुस्तक हातात आलं. त्यातला एडमंड टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी आपल्या भावा-बहिणींना चेटकिणीच्या हवाली करायला निघतो. मी तिथेच पुस्तक मिटलं. आणि मग हा लेखक होता तरी कोण, ते शोधत बसलो.

लुईस 29 नोव्हेंबर 1898 ला बेलफास्टमध्ये जन्मला. घरच्यांनी नाव ठेवलं क्लाइव्ह. चारेक वर्षांचा असताना त्याचा आवडता कुत्रा जॅक्सी मेला. पठ्ठ्याने जाहीर केलं की आता माझंच नाव जॅक्सी! त्याचं पुढे जॅक झालं आणि जवळच्यांसाठी तो जन्मभर जॅकच राहिला. 1908 मध्ये कॅन्सरने आई गेली आणि काही आठवड्यांतच त्याची रवानगी इंग्लंडच्या बोर्डिंगात झाली. हॉस्टेलचे पहिले दिवस आठवा, म्हणजे कळेल.

पहिल्या महायुद्धात ट्रेनिंगला पॅडी मूर नावाचा मित्र मिळाला. दोघांनी ठरवलं होतं की एक परत आला नाही, तर दुसऱ्याने त्याच्या घरच्यांना बघायचं. 1918 मध्ये पॅडी मारला गेला. लुईस जखमी होऊन परतला आणि त्याने पॅडीच्या आईला 1951 मध्ये ती जाईपर्यंत सांभाळलं. तेहेतीस वर्षं! आणि मला साधा प्रोजेक्टचा शब्द तीन वर्षं पाळता आला नव्हता.

1926 मध्ये ऑक्सफर्डला त्याची टॉल्कीनशी ओळख झाली. मित्रांच्या बैठकीत टॉल्कीन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणं वाचायचा आणि लुईस त्याला पुढे लिहायला लावायचा. नार्निया मात्र टॉल्कीनला अजिबात आवडलं नाही. पुढे मैत्रीत अंतर पडलं. तरीही 1954 मध्ये लुईसला केंब्रिजची प्रोफेसरशिप मिळावी म्हणून टॉल्कीनने खटपट केली. आणि 1956 मध्ये लुईसने जॉय डेव्हिडमनशी लग्न केलं, ते टॉल्कीनला सांगितलंसुद्धा नाही. म्हणजे मित्राला अंधारात ठेवणं त्यालाही चुकलं नव्हतं.

नार्नियाचं पहिलं पुस्तक आलं 1950 मध्ये. तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई रेशनवर होती, ते रेशनिंग 1953 ला उठलं. त्यामुळे एडमंडचा मोह तिथल्या पोरांना चांगलाच कळला असणार. 1956 पर्यंत सात पुस्तकं झाली. 22 नोव्हेंबर 1963 ला लुईस गेला, त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली.

मी पुस्तक परत उघडलं. सुटका झाल्यावर एडमंड कसलीही कारणं देत नाही. एकेका भावंडाशी हात मिळवून सॉरी म्हणतो, बस. असलान सिंह त्याच्याशी काय बोलला, ते लुईस आपल्याला सांगतच नाही. आणि हाच एडमंड पुढे न्यायी राजा म्हणून ओळखला जातो. म्हणजे दगा दिला तीच माणसाची कायमची ओळख ठरत नाही, पण आधी समोर जाऊन उभं राहावं लागतं.

त्या रात्री मी रूमवर जाऊन सॉरी म्हटलं. टॉपर्सना सांगून टॉपिक त्याचा त्याला परत केला. ग्रुप मात्र वेगळेच राहिले, लिस्ट लागून गेली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठला, चपला घातल्या आणि दारात थांबून चहाला येतोस का, एवढंच विचारलं.