माजघर आणि माडी : श्रीमती रमाबाई रानडे

समाजसुधारणेचा इतिहास वाचताना आपल्या डोळ्यांसमोर सभा येतात, वर्तमानपत्रांतील वाद येतात, फार तर एखादी मिरवणूक आणि तिच्यावर फेकलेला चिखल येतो. परंतु सुधारणेची खरी परीक्षा सभागृहात होत नाही. ती होते घरात, चुलीपाशी, सासू-सुना आणि नणंदा-भावजया जेथे दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर वावरतात तेथे. ही परीक्षा अकरा वर्षांच्या वयापासून जिने दिली, त्या रमाबाई रानडे यांच्या चरित्राचा तेवढाच भाग आम्ही येथे मुख्यत्वे सांगणार आहो.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. बाईने हाती पुस्तक धरले की तिच्या कपाळी वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी घरोघर होती.

1873 साली पुण्यात महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी सखूबाई निवर्तली. रानड्यांचे वय तेव्हा एकतीस. विधवाविवाहाचा पक्ष ते उघडपणे मांडीत असत. आता हा गृहस्थ एखाद्या विधवेशी लग्न करून आपले बोलणे खरे करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडील गोविंदराव हे जाणून होते. त्यांनी घाईने कुर्लेकरांची मुलगी ठरविली, आणि मुलगा ऐकेना तेव्हा आपण घर सोडून करवीरास निघून जाऊ, अशी निर्वाणीची भाषा केली. रानडे नमले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लग्न लागले. रानड्यांची सख्खी बहीण दुर्गा ही तरुण विधवा त्याच घरात राहत होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रानड्यांच्या या कृतीबद्दल त्यांच्या हयातीतच पुष्कळ टीका झाली. ती अगदीच अन्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. पित्याचा शब्द मोडावा की स्वतःचा, या पेचात त्यांनी स्वतःचा शब्द मोडला. आणि त्याची किंमत मोजावयास ज्या मुलीला पुढे केले गेले, तिला या पेचाची काडीइतकी कल्पना नव्हती. तिच्या दृष्टीने ते नुसते लग्न होते. लग्नाच्या रात्रीच नवऱ्याने वाचनाची गोष्ट काढली आणि लवकरच पाटी-पेन्सिल पुढे ठेवून मुळाक्षरे गिरवावयास लावली. मनातील बोच शांत करण्याचा त्यांचा हा मार्ग होता, असे आम्हांस वाटते.

येथून त्या घराचे दोन भाग झाले. वर माडी, खाली माजघर. माडीवर नवरा, पुस्तके आणि दिवा. माजघरात सावत्र सासूबाई, नणंद दुर्गाबाई आणि आश्रयाला असलेल्या इतर वडीलधाऱ्या बायका. रात्री माडीवर धडा बिनचूक म्हणावा, आणि सकाळी खाली उतरताच त्याच धड्याबद्दल टोमणे ऐकावेत, असा क्रम सुरू झाला. पुढे इंग्रजी शिकणे सुरू झाले तेव्हा तर कहर झाला. कोणी बोलणे टाकी, कोणी हसे, कोणी सोवळ्यातल्या वस्तूंना हात लावू देत नसे. उलट उत्तर द्यावयाचे नाही, हे रमाबाईंनी मनाशी ठरविले होते. नवऱ्याकडे तक्रार नेली तर खाली आग भडके. न नेली तर ती स्वतःच्या पोटात राही.

त्या बायकांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. त्यांपैकी कित्येकींच्या वाट्याला विद्या आली नव्हती, सौभाग्य उरले नव्हते, संसारही दुसऱ्याचा होता. त्यांच्यापाशी सत्ता होती ती फक्त स्वयंपाकघराची आणि सोवळ्याओवळ्याची. अशा ठिकाणी एक पोर येते आणि जी वस्तू आपल्याला कोणी कधी दिलीच नाही ती तिच्या हाती सहज ठेवली जाते. दुर्गाबाईंच्या पुनर्विवाहाचा विचार त्या घरात कोणी तडीस नेला नाही, आणि त्याच घरात भावजयीला मात्र इंग्रजी शिकविले जात होते. असूया वाटावी यात नवल काय? हिंदू एकत्र कुटुंबात राग बहुधा ज्याच्यावर असतो त्याच्यावर निघत नाही; तो खालच्या पायरीवरच्या माणसावर निघतो.

आणि रानडे? ते सावत्र आईला दुखवीत नसत. सभेत परखड बोलणारा हा पुरुष घरात गप्प राही. आम्हांस त्यांच्या थोरवीविषयी नितान्त आदर आहे, तरीही हे मौन आम्हांस खटकते. त्या मौनाचे ओझे बारा-पंधरा वर्षांच्या मुलीने वाहिले.

1878 मध्ये रानड्यांची नाशिकला आणि पुढच्या वर्षी धुळ्याला बदली झाली. सरकारचा त्यांच्यावर रोष होता म्हणून ही बदली. पण रमाबाईंना मात्र प्रथमच मोकळा श्वास मिळाला. पुण्यास परतल्यावर जुना ताण पुन्हा आला. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या व्याख्यानांना जाणे आणि आर्य महिला समाजात बसणे हा घरी नवा अपराध ठरला. 1884 साली मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी हिराबागेत सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर होते. रमाबाईंनी तेथे इंग्रजीतून भाषण वाचले. त्याच वर्षी पुण्यात मुलींचे ते हायस्कूल सुरू झाले, जे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले. बाहेर टाळ्या पडल्या. घरात मात्र संतापाला सीमा राहिली नाही.

पतिपत्नींच्या नात्यात केवळ गुरुशिष्यभाव होता असे नाही. रात्री रानड्यांच्या पायांना तूप चोळता चोळता रमाबाई त्यांना वाचून दाखवीत; पहाटे रानडे अभंग म्हणत, तेव्हा त्यांचे डोळे भरून येत. 1886 साली सरकारी कामानिमित्त दोघे कलकत्त्यास गेली. तेथे रानडे बंगाली शिकू लागले, आणि अडलेले शब्द हजामत करावयास येणाऱ्या न्हाव्याला विचारून घेऊ लागले. रमाबाईंना हसू आवरेना. पण पुढे त्याच बंगाली शिकल्या. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलत वाढणाऱ्या रामपायलीच्या मुलांना या प्रसंगाची गंमत अधिक कळेल; भाषा कोणाकडून शिकली यावर तिची किंमत ठरत नाही हे त्यांच्या रोजच्या अनुभवाचे आहे.

मतभेदही होत. 1890 सालच्या पंचहौद मिशनमधील चहापानाबद्दल उठलेल्या वादात रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते रमाबाईंना रुचले नाही. ज्या पतीने आपल्याला उभे राहावयास शिकविले तोच वाकला, याचे दुःख त्यांना झाले असावे. वडिलांपुढे 1873 मध्ये जे घडले तेच पुन्हा स्नेह्यांसाठी घडत होते.

16 जानेवारी 1901 रोजी रानडे वारले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत आल्या होत्या. पदरी मूल नव्हते. पुढे काही काळ त्या फारशा घराबाहेर पडल्या नाहीत. ज्या वैधव्याचा धाक घालून बायकांना पुस्तकापासून दूर ठेवीत, ते आता त्यांच्याही वाट्याला आले होते. पण त्यांच्या हाती पुस्तक होते. त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. 1910 साली त्या प्रसिद्ध झाल्या. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची. मराठी घराच्या आतले चित्र इतक्या सरळपणे त्यापूर्वी क्वचितच कोणी रेखाटले असेल. सासरच्या बायकांचा जाच त्यात आहे, पण सूड नाही.

1909 मध्ये पुण्यास सेवासदन सुरू झाले. गो. कृ. देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. आरंभीचे वर्ग रानड्यांच्याच वाड्यात भरले. तेथे कोण येत असत? लहान मुली नव्हेत. येत त्या प्रौढ स्त्रिया, आणि त्यांत विधवा पुष्कळ. म्हणजे नेमक्या त्या, ज्यांच्यासारख्यांनी एकेकाळी माजघरात बसून या बाईंच्या पाटीला नावे ठेविली होती. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या रोग्याची सेवा करणे हे ब्राह्मण विधवेला हलके मानण्याचे ते दिवस होते. रमाबाईंनी लोकांचे बोलणे पूर्वीसारखेच ऐकून घेतले आणि काम चालू ठेविले. सेवासदनाची धुरा त्यांनी 1924 साली देह ठेवीपर्यंत सोडली नाही.

दुर्गाबाईंच्या वयाच्या बायका त्या वाड्यात पाटी घेऊन बसू लागल्या, तेव्हा रमाबाईंच्या मनात काय आले असेल, हे त्यांनी कोठे लिहून ठेविलेले आमच्या पाहण्यात नाही.