पिंपे बांधणारा पणजोबा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या पणजोबांचे कुतूहल अधिक वाटते.

पॅट्रिक केनेडी १८२३ च्या सुमारास आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात, डंगनस्टाउन या खेड्यात जन्मला. शेती कुळाची आणि थोरले भाऊ हयात. तेव्हा त्याने लाकडी पिंपे बांधण्याचा धंदा शिकून घेतला. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने कुजू लागले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. पॅट्रिकही समुद्रापार बोस्टनला गेला.

बरोबर त्याने काय नेले? हातातली कला आणि आडनाव. केनेडीचे मूळ आयरिश रूप ‘ओ किनेडे’, म्हणजे किनेडेचा वंशज. या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ डोके. दुसऱ्याचा कोणी ‘कुरूप’ असा लावतात, कोणी ‘चिलखत’. १०१४ साली रणांगणावर पडलेल्या ब्रायन बोरू राजाच्या पित्याचे नावही हेच होते. राजकुळातले नाव असे पिंपे बांधणाऱ्याच्या वाट्याला आले!

२६ सप्टेंबर १८४९ रोजी बोस्टनमध्ये पॅट्रिकने ब्रिजेट मर्फीशी लग्न केले. पाच मुले झाली. त्यांतला एक मुलगा तान्हेपणीच गेला. धाकटा पॅट्रिक जोसेफ वर्षाचाही झाला नव्हता, तोच २२ नोव्हेंबर १८५८ रोजी बाप वारला. मागे इस्टेट अशी काहीच नव्हती.

खरे चरित्र येथून पुढे सुरू होते असे मला वाटते. ब्रिजेटने काबाडकष्ट केले, छोटे दुकान चालवले, चार मुले वाढवली. धाकट्याने लहानपणीच शाळा सोडून गोदीत काम धरले. पुढे तो मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात निवडून गेला. नातू जोसेफ १९१२ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. पणतू जॉन १९६१ साली राष्ट्राध्यक्ष झाला. जून १९६३ मध्ये तो डंगनस्टाउनला जाऊन भाऊबंदांच्या अंगणात चहा प्याला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, पणजोबांच्या मृत्यूच्या तारखेलाच, त्याची हत्या झाली.

आमच्यासारख्या, कॉलेजची पायरी प्रथमच चढणाऱ्या घरांत पणजोबांचे नाव कसेबसे सांगता येते, पणजीचे तेवढेही नाही. केनेडी हे आडनाव जगाला ठाऊक झाले, पण ते जगवले मर्फींच्या मुलीने. चरित्र लिहायचेच, तर ते दोघांचे लिहावे.